कोकणातलीची पत्रं

माय,

तुझ्या कोकणातलीची पत्रं गेली. जळली नाहीत, वाळवीनं खाल्ली नाहीत, रद्दीतही कुणी दिली नाहीत. माझ्या खोलीच्या भिंतीवर काचेमागे जिथल्या तिथे लागलेली आहेत. त्यांच्यावरचं लिहिलेलं तेवढं गेलं. अंतर्देशीय पत्रांचा निळा रंगसुद्धा उतरला, आता तो कागद धुऊन धुऊन विटलेल्या धोतरासारखा दिसतो. एकदोन पोस्टकार्डांवर पोस्टाचा काळा शिक्का राहिला आहे. बाकी काही नाही. दुसऱ्या कुणाला हे सांगितलं तर लोक म्हणतात, जुने कागद होते, जायचेच. म्हणून तुला सांगते आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी या एका गोष्टीत माझं नुकसान समजेल असं दुसरं माणूस मला सापडत नाही.

ती बाई तू कधी पाहिली नाहीस. वाण्यानं तुरीची डाळ बांधून दिली होती ते कुठल्याशा मासिकाचं पान होतं, आणि त्यावर पत्रमैत्रीचे पत्ते होते. डाळ डब्यात ओतून तू ते पान हातानं सरळ केलंस आणि त्यातल्या कोकणातल्या एका बाईला पोस्टकार्ड टाकलंस. पान किती जुनं होतं कोण जाणे. बाबा म्हणाले, "ते बाई आतापर्यंत मरूनबिरून गेली असन." तू म्हणालीस, "मंग उत्तर येणार नाही, अजून काय." उत्तर आलं. पोस्टमननं दारातून हाक मारली तेव्हा तू चुलीपुढे बसली होतीस. मला ते अजून दिसतं. तव्यावर भाकर आहे, तुझ्या बोटांना ज्वारीचं पीठ लागलं आहे, आणि त्याच बोटांनी तू कार्ड धरलं आहेस. तू ओठ हलवत वाचतेस. भाकर करपते. तू ती उचलून ताटात टाकतेस, माझ्या ताटात, आणि म्हणतेस, "खाय वं, करपली भाकर पोटाले चांगली राह्यते." मी त्या दिवशी करपलेली भाकर तक्रार न करता खाल्ली, कारण तू हसत होतीस. तू हसलीस असे दिवस मला मोजकेच आठवतात.

उत्तर टाकून झालं की आलेल्या पत्राच्या कोपऱ्याला तू हळदीचं बोट लावायचीस, लग्नपत्रिकेला लावतात तसं. हळद लागलेली पत्रं पेटीत तळाशी, ठेवणीतल्या लुगड्याखाली. हळद न लागलेलं वर, म्हणजे पेटी उघडली की दिसावं आणि लिहायचं राहिलं याची आठवण व्हावी. मधे कडुलिंबाचा वाळलेला पाला. माझी शाळा सातवीला सुटली. पुढचं वाचन मी त्या पेटीवर शिकले. दुपारी तू वावरात गेलीस की मी पेटी उघडायची. जोडाक्षर अडलं की तिथेच बसून राहायची, अक्षर आपोआप सुटेपर्यंत. एकदा आत दिसत नव्हतं म्हणून पत्र घेऊन अंगणात बसले आणि तू त्याच वेळी परत आलीस. "चिठ्ठी घेऊन बाहेर काहून बसली वं? आत चाल. अंगण काय चिठ्ठ्या वाचाले असते?" माझ्या हातून पत्र ओढून घेतलंस. मला वाटलं, चार लोक बघतील याची तुला लाज वाटते. तसंच असेल. की तुला दुसरं काही ठाऊक होतं? आता विचारायला तू नाहीस, आणि तेव्हा तुला काही विचारायची पद्धत नव्हती.

तू बोलत नव्हतीस. घरात दिवसभर तुझा आवाज ऐकू यायचा तो भांड्यांचा. पण कोकणातलीच्या पत्रांत तू बोलायचीस. ती लिहायची, "तू लिहितेस की राग आला की तुझी भाजी जास्त चांगली होते, वाचून मी एकटीच हसत बसले." तेव्हा मला कळलं की तुला राग येतो. ती लिहायची, "संध्याकाळी नदीवर जाऊन उगाच बसतेस, ते वाचून काळजी वाटली. इतकी एकटी बसू नकोस." मला वाटायचं तू धुणं धुवायला जातेस. एकदा तिनं लिहिलं, "मुलगी चोरून पत्रं वाचते म्हणतेस, तर वाचू दे. तुला तोंडानं सांगता येत नाही ते तिला तसं तरी कळेल." ते वाचून मी पेटी बंद केली आणि कितीतरी दिवस तिच्याजवळ गेले नाही. तुला माहीत होतं, आणि तू माहीत असून पेटीला कुलूप लावलं नाहीस. तुझी पत्रं तिच्याकडे होती, तिची आपल्याकडे. तुझ्या तोंडचं जे काही जगात उरलं होतं ते तिच्या उत्तरांत उरलं होतं.

तू गेल्यावर सावनेरच्या घराच्या गळतीत पेटी भिजली आणि बरीच पत्रं तिथेच संपली. माझ्या वाट्याला आली ती ओंजळभर. लग्नानंतर नागपुरात तीन घरं बदलली, प्रत्येक घरात ती माझ्या कपाटात, तुझ्यासारखीच, लिंबाच्या पाल्यात. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी पडून होते आणि यांना पत्रं काढून द्या, ठेवा, पुन्हा काढा, असं करायला लावायची. एक दिवस हे वैतागले. "कपाटात ठेवून काय अंडे उबवून राहिली वं? भितीवर लावून देतो, पडल्या पडल्या दिसतीन तुले." देवादिकांच्या तसबिरी करणाऱ्या दुकानात ती घेऊन गेले. तिथल्या माणसानं विचारलं, "काका, याच्यात देव कोणता आहे?" हे म्हणाले, "माही सासू हाय." घरी येऊन ते मला दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा स्वतःच हसले. चौकटी ठोकायला स्टुलावर चढले, तेव्हा मी खाटेवरून ओरडत होते की पडाल, आणि हे म्हणत होते, "पडलो तं तुह्याच अंगावर पडीन." आयुष्यात मला कुणी दिलेली ती सगळ्यात मोठी वस्तू होती.

ती भिंत खिडकीसमोरची. खिडकी पश्चिमेची. नागपुरातलं कुलरचं तुला काय सांगू, तुझ्या वेळी नव्हता. होळी झाली की खिडकीत कुलर बसवतात, आणि ओल्या हवेनं कापड खराब होतं म्हणून पडदा काढून ठेवतात. कुलरच्या वरून दुपारचं ऊन सरळ भिंतीवर यायचं आणि खालून ओली हवा. मी ऊन बघून खूश व्हायची, माय. आपल्या घरात उन्हानं कधी काही बिघडलं नाही. डाळ उन्हात, गोधड्या उन्हात, कुरडया उन्हात, बाळंतिणीचं पोर कोवळ्या उन्हात. मला वाटलं, बरं झालं, कसर लागणार नाही. पहिल्या उन्हाळ्यात तुझी हळदीची बोटं गेली. ती गेलेली मी पाहिली. लुगड्यावर हळदीचा डाग पडला की तू काय करायचीस? साबण लावून उन्हात टाकायचीस, आणि संध्याकाळपर्यंत डाग नाही. मीही जन्मभर तेच केलं. तेच ऊन, तोच हात, आणि डोक्यात आलं नाही की हळद नेणारं ऊन पुढे शाईपाशीही थांबणार नाही.

पुढच्या उन्हाळ्यात हे आजारी पडले. धंतोलीच्या एका दवाखान्यात होतो, घरी मी फक्त आंघोळीला येत होते. नंतर हे गेलेच. त्या वर्षी कुलर खिडकीतून कुणी काढला नाही. पडदा कुणी लावला नाही. ही कामं हेच करायचे. मी खाटेवर पडून पत्रं वाचायची. रोज वाचायची. मला ती पाठ होती ना, म्हणून अक्षर फिकं होत गेलं तरी मला दिसत राहिलं. यांच्या वर्षश्राद्धाला मौद्याहून नणंद आली. चहाचा कप घेऊन माझ्या खोलीत उभी राहिली आणि म्हणाली, "वहिनी, हे कोरे कागद काहून टांगून ठेवले वं?"

"कोरे कुठचे? माह्या मायच्या चिठ्ठ्या आहेत."

"अवं, चष्मा लाव. याच्यात काहीच नाही."

चष्मा मी लावलेलाच होता. मी उठून काचेला नाक लावलं. तिचं खरं होतं. नणंद घाबरली. "तुले वाचता येत होतं ना पण? काल तं मले वाचून दाखवून राहिली होती." बाहेर पंगत बसली होती, मी जाऊन वाढायला लागले.

नंतर एक चौकट उघडून बघितली, म्हटलं मागच्या बाजूचं तरी राहिलं असेल. ओलीनं कागद पुठ्ठ्याला चिकटून बसला होता. सोडवायला गेले तर शाईचा नुसता ढग. दुसरी चौकट उघडायचा धीर झाला नाही. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, मोबाइलमध्ये फोटो का नाही काढून ठेवले?" रोज डोळ्यांसमोर असलेल्या भिंतीचा फोटो कोण काढतं? एक फोटो आहे, चौकटी लावल्या त्या दिवसाचा. हे मधे उभे आहेत, हातात हातोडी, आणि मागे काचांवर सगळी चकाकी.

मग मला वाटलं, तुझी पत्रं तर तिकडे असतील. पत्ता मला पाठ आहे. मी पत्र लिहिलं, खाली माझा फोन नंबर दिला. उत्तर येईल असं मला खरंच वाटत नव्हतं. पण एका सकाळी फोन आला. बाईचा आवाज, माझ्याहून जरा लहान. "नागपूरच्या ना तुम्ही? मी त्यांची मुलगी बोलतेय." तिनं नाव सांगितलं. तुझी मैत्रीण जाऊनही बरीच वर्षं झाली. मी तुझ्या पत्रांचं विचारलं. "त्यांना आईनं कुणाला हात लावू दिला नाही हो. सांगूनच ठेवलं होतं, सावनेरवालीची पत्रं माझ्याबरोबर द्या. आम्ही दिली. तिच्या उशाशी ठेवली आणि दिली."

म्हणजे तू दोनदा जळलीस. मला रागही आला नाही. आम्हाला हे सुचलं नाही याचंच वाटलं. तुझ्याबरोबर तिची पत्रं द्यायला हवी होती, तर आज ती निदान तुझी तरी झाली असती.

मी फोन ठेवणार होते. तेवढ्यात ती म्हणाली, "ताई, पण आईची पत्रं तुमच्याकडे असतील ना? आमच्याकडे तिच्या हातचं काही म्हणजे काही नाही. किराण्याची चिठ्ठीसुद्धा नाही. फोटो काढून पाठवाल? मला तिचं अक्षर बघायचंय."

मी म्हटलं, "हो, पाठवते."

त्यानंतर तिचे निरोप येतात. घाई करत नाही ती. "सवडीनं पाठवा," लिहिते. परवा लिहिलं, "अक्षर नसेल नीट दिसत तर नुसतं काय लिहिलंय ते सांगा, तेवढंही पुरे." ते वाचून मी कागद घेऊन बसले. म्हटलं पाठ आहे, लिहून काढू, खरं काय ते तिला सांगून टाकू आणि मजकूर तरी देऊ. "तू लिहितेस की" पासून सुरू होणारी वाक्यं भराभर आली. भाजीचं, नदीचं, माझं. ती सगळी तुझी होती. तिला तिची आई हवी आहे. मग मी तिच्यासाठी शोधायला लागले. कोकणातलीचा नवरा काय करत होता? घर कसं होतं? तिला काय दुखत होतं, कशानं हसू यायचं, पावसात चार महिने काय करायची? काही आठवेना. अर्ध्याहून जास्त पत्र ती स्वतःबद्दल लिहायची, एवढं मला पक्कं ठाऊक आहे, कारण तेवढा भाग मी ओलांडून जायची. अंगणात बसले तेव्हापासून ते खाटेवर पडून वाचत होते तोपर्यंत, जन्मभर. मला तुझ्यापर्यंत पोचायची घाई असायची.

तिला लिहायचं सोडून मी तुला लिहीत बसले आहे, जिथे पोस्ट जात नाही तिथे. तिची मुलगी माझ्याच वयाजवळची. तू माझ्याबद्दल लिहायचीस, तर तिनंही आपल्या मुलीबद्दल लिहिलंच असणार, एकदा नाही, पानोपानी, नाव घेऊन. फोनवर त्या मुलीनं स्वतःचं नाव सांगितलं, माय, तेव्हा मला ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं वाटलं.