उकळलेली नळी

माय, तू गेलीस तेव्हा जेवढी होतीस त्याच्याहून मी आता म्हातारी झाले, तेव्हा आज तुझ्याशी थोरल्या बहिणीसारखं बोलणार हाय. वाईट वाटून घेऊ नको.

मी जालन्यात पोराच्या घरी राहते, तिसऱ्या मजल्यावर. गुडघे असे झालेत की जिना उतरायला नात लागती. ती हात धरून खाली नेती, टपरीवर चहा पाजती, माझी बोलणीबी खाती. पोरगा आन् सून दिवसभर कामावर. नात न्हाई त्या दिवशी खिडकीच्या गजातून दिसतं तेवढंच माझं गाव. आणि त्या नातीला डोंगराचं येड लागलंय. शहरातल्या लोकांना गडावर न्यायचं, तंबूत निजवायचं, धड खाली आणायचं. हसू नको, हे काम हाय आता. नाशिककडच्या एका मंडळानं तिला म्हटलंय, एक खेप करून दाखव, बराबर झाली तर इकडंच ठेवून घेऊ. सामान मात्र ज्याचं त्यानं आणायचं.

काल दुपारी तिनं सगळं फरशीवर मांडलं. मुठीएवढी शेगडी, तिचे पाय दुमडतात. कपाळाला बांधायची बत्ती. चेन लावायची गोधडी, गुंडाळली की उशीएवढी. आणि पाण्याची एक मऊ पिशवी, तिच्या तोंडाला वीतभर नळी. वढ्याचं पाणी पिशवीत भरायचं अन् पिशवी दाबायची, नळीतून नितळ होऊन येतं. मी म्हटलं, "आमची माय वाळूत झिरा उकरून, तुरटी फिरवून हेच करायची." तर म्हणती, "पण तुझ्या मायला गाळ बसेपर्यंत बसावं लागायचं, आज्जी. हे चालता चालता होतं. कुठं थांबून कोणाला पाणी मागायचं काम न्हाई." ती सहज बोलून गेली.

चौथीत होते मी. मास्तर पोरांना वेरूळला नेणार होते. तू भाकरी थापून राह्यलीस, मी चुलीपाशी उभी. "डबा आन् पांघरूण आणा म्हणलेत," मी सांगते. तू वर बघत न्हाईस. "आन् पाणी? रस्त्यात कोण पाजील तुला? बाकीच्या पोरी विहिरीवर जातील, तू ओंजळ धरून लांब उभी राहशील. न्हाई जायचं." आपण धम्म घेऊन कितीक वर्षं झाली होती, पण विहिरींना ते कळलं नव्हतं. मी म्हणते, तांब्या भरून नेते. "तांब्या किती पुरतो?" म्हणून तू तवा उतरवतीस. सहल गेली, मी तुझ्यामागं तूर कापायला गेले, अन् शाळाबी तिथंच सुटली. जन्मभर मी त्या विहिरींनाच शिव्या दिल्या. तुला कधी न्हाई.

आज सकाळी नात बाजारात गेल्ती. नळीला वास मारत होता, काल तिनं मोरीतल्या बादलीतलं पाणी घालून बघितलं होतं. आमच्या ओट्यावर स्टीलचा फिल्टर हाय, त्याच्या पांढऱ्या कँडल मी दर महिन्याला उकळून काढते. तशीच ही नळी पातेल्यात टाकली आन् चांगली खळाखळा उकळली. मंग तिच्या खोक्यावर चित्र दिसलं. पातेलं, वर वाफ, आणि सगळ्यावर फुली. फुली कळायला चौथीबी लागत न्हाई.

नळी पुसून हातात धरून बसले. वरून काहीच झालेलं दिसत नव्हतं. सांगावं तर दुसरी जालन्यात मिळायची न्हाई, ही बाहेरून मागवलेली, आणि गाडी आज संध्याकाळचीच. न सांगावं तर पोरगी घाण पाणी पिणार, वर लोकांना पाजणार. मी उठून चहा ठेवला. तेवढ्यात ती आली. "तोंड का असं केलंस?"

"तुझी नळी मारली मी. उकळून."

तिनं खोकं बघितलं, पातेलं बघितलं. "फिल्टरची कँडल समजलीस?"

"मंग काय समजू, शेवग्याची शेंग?"

ती हसली न्हाई. फोन घेऊन गॅलरीत गेली, मंडळातल्यांशी लई वेळ बोलली. आत येऊन म्हणाली, पाणी साफ करायला टाकायच्या टिकल्या चालतील म्हणलेत, औषधाच्या दुकानात मिळतात. जल्दी जाऊन घेऊन आली. संध्याकाळी गेलीबी. मी दारापर्यंत गेले. जिन्यात तिची पाठपिशवी भिंतीला घासत खाली गेली, तेवढं ऐकलं.

हे धाडायचं असतं तर लिहिलं नसतं. ती फुली बघितल्यावर माझ्या मनात आधी घाण पाणी आलं न्हाई, माय. आधी आलं ते हे, की बरं झालं, आता राहील घरी. चहाला उकळी येईपर्यंत मी तेच धरून बसले होते. ती आली नसती तर किती वेळ बसले असते, मलाच ठाऊक न्हाई. म्हणून तुला विचारते. विहिरीचं खरं होतं, ते मी डोळ्यांनी बघितलंय. पण भाकरी थापताना तू वर बघितलं नव्हतंस. मी गेल्यावर घरात तुझ्याशी बोलायला कोण, असंबी तुझ्या मनात होतं का? असलं तर असू दे. आजपासून त्याचा राग मला धरता यायचा न्हाई.