तीन बाटल्या काढा आणि काचेची कांडी

धावडा, कार्तिक वद्य पंचमी, शके १८६६

रा. रा. धर्मराज मेव्हणे यांस कडूबाचा रामराम. तुमच्या कृपेनं (तुमच्या म्हणजे तुमच्या, काढ्याच्या नव्हे) मी अजून उभा आहे. तिकडे जालन्यात सासूबाईंची कंबर बरी असावी. तुमच्या बहिणीची खुशाली विचारलीत, ती खाली लिहितो.

लढाईपायी कोयनेल मिळत न्हाई, तर तापावर आपणच झाडपाला शोधू, असं म्हणून तुम्ही दिवाळीला गुळवेल, चिराईत आणि निंबाच्या सालीच्या काढ्याच्या तीन बाटल्या आणि एक थर्मामीटर माझ्या गळ्यात मारून गेलात. कोणत्या काढ्यानं कोणाचा ताप किती उतरला हे वहीत लिहायचं, एवढंच काम! मेव्हणे, तिकडे कापूस फुटून राह्यला आणि इकडे मी दारोदार लोकांच्या बगला धुंडून राह्यलो.

काढा कोणी पीत न्हाई. सगळ्यांना थर्मामीटर पाहिजे! पारा वर चढला की म्हणतात, बघा, कांडीनं ताप ओढला. तुळजाबाईनं तर कांडी काढूच दिली न्हाई, बगलेत धरून भाकरी थापत बसली. (कांडी साबूत परत आली, हे माझं नशीब.) पुंजारामानं चिराईत गुपचूप म्हशीच्या घमेल्यात ओतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याचा ताप बिलकुल उतरलेला! मी खुशीत वहीत लिहिलं, चिराईत, गुण बराबर. पुंजाराम म्हणाला, गुण आला असंल तर म्हशीला.

मंग कळलं, हा तिजारीचा ताप. एक दिवस येतो, एक दिवस सुट्टी घेतो. मी गाढवानं सुट्टीच्या दिवशी मोजमाप केल्तं! तिसऱ्या दिवशी सगळं गाव पुन्हा गोधडीत कुडकुडत. वहीची आठ पानं वाया गेली. तुम्ही म्हणाल, पुन्हा मोजा. माझ्यानं होणार न्हाई, दुसरा दाजी शोधा.

आपला वैतागलेला,
कडूबा

ता. क. : तुमचा काढा नेमानं पिणारं माणूस गावात एकच, तुमची बहीण उषा. दादाच्या हातचा आहे म्हणून तोंडसुद्धा वाकडं करत न्हाई. तिच्या तापाचा आज सहावा दिवस. तिन्ही बाटल्या संपल्या. काल दुपारी पारा एकशेचारवर गेल्ता. कांडी झटकून पुन्हा लावली, पुन्हा तेच.

आणखी एक : वरचं सगळं सोडा. मला भ्या वाटून राह्यलं. पत्र मोटारवाल्याच्या हाती देतो. कोयनेल कुठूनही पैदा करा आणि त्याच मोटारीनं जल्दी या. वही पहिल्यापासून लिहितो, गावभर बगला मोजतो, सांगाल ते करतो. फक्त येताना काढा आणू नका. ती पिऊन टाकील.