आडवी करून बघितलेली गाडी

उचगाव,
५ ऑक्टोबर २०२५

चि. संयोगिता हीस,

आईचा आशीर्वाद. घ्यायचा असला तर घे, नको असला तर कागदातच राहू दे. इथं सगळं बरं आहे. म्हैस गाभण आहे. माझे गुडघे आपापल्या जागी आहेत. तुझा भाऊ अमरसिंह बरा आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही.

बावीस वर्षांनी पत्र आलं म्हणून कुणी गेलं असं समजू नकोस. कारण मोटारसायकलचं आहे.

अमरसिंहाची स्वप्नाली आता सत्तावीसची झाली. तू गेलीस तेव्हा पाच वर्षांची होती, तुझ्या ओढणीला लोंबकळायची. राजारामपुरीत क्लासमध्ये गणित शिकवते. तिनं ठरवलंय, भाऊबीज झाली की कोल्हापूर ते तेजपूर, तुझ्या दारापर्यंत, मोटारसायकलवर यायचं. तीन हजार किलोमीटर. अमरसिंह ताटावरच ओरडला, "तिच्याकडं जायचं न्हाय, आणि गाडीवर तर न्हायच न्हाय!"

मी म्हटलं, "दोन न्हाय झालं. आता जेव."

पोरगी आठ दिवस मोबाईलमध्ये गाड्या बघत होती. एकीची टाकी मोठी, एकीची चाकं उंच, एकीचा आवाज भारी. मन बसलं होतं ते एका धडधडणाऱ्या धुडावर, दोनशे किलोच्या. मी म्हटलं, मोबाईलमध्ये काय कळतंय? मला घेऊन चल.

शोरूममध्ये टाय लावलेला एक माणूस पुढं आला. कुठं जाणार विचारलं, ऐकून जरा गार पडला. मग म्हणाला, "मागं सामान किती असणार?"

स्वप्नाली माझ्याकडं बघायला लागली. मी सांगितलं, "पंचेचाळीस किलो."

"एवढं? काय न्हेताय आज्जी, दळाण?"

"व्हय. जुनं हाय. सांडलं तर भरता यायचं न्हाय."

तुला आठवतंय, तुझे आबा वडगावच्या बाजारात बैल घ्यायला गेले की काय करायचे? शिंगं बघायचे नाहीत, रंग बघायचे नाहीत. आधी बैल खाली बसवायला लावायचे आणि तो उठतो कसा ते बघायचे. मी त्या माणसाला म्हटलं, "पावणं, ही गाडी आडवी पाडा."

"आज्जी, शोरूममधी गाड्या पाडत न्हाईत."

"मग काय घाटात पाडून बघू व्हय?"

मॅनेजर आला. मी खुर्ची मागून घेतली आणि बसले. म्हटलं, पाडल्याबिगर उठत न्हाय. शेवटी मागच्या बाजूला गोणपाट अंथरलं आणि गिऱ्हाइकांना फिरवायला देतात ती धडधडणारी गाडी त्यावर निजवली. म्हटलं, स्वप्ने, उचल. पोरगी लालबुंद झाली, डोळ्यांत पाणी आलं, गाडी तसूभर हलली नाही. दोन गडी धावले. मी म्हटलं, खबरदार हात लावाल तर. रस्त्यात तुम्ही असणार हाय काय?

मग दुसरी निजवली. उंच, सडसडीत, दिसायला टोळासारखी. पोरीनं तिला पाठ लावली, हँडल धरलं, पायांनी रेटा दिला आणि उभी केली. मी आणखी दोनदा पाडायला लावली. दोन्ही वेळा उचलली. तीच घेतली. ज्यांना आवाज ऐकायचा त्यांनी वरातीतला बँजो लावावा.

तिकडं आता थंडी पडायला लागेल. सौंदर्याला सकाळी बाहेर सोडू नकोस, तिचा दमा उठतो.

हिला कसं ठाऊक, असं म्हणशील. तू अकरा पत्रं पाठवलीस. मला वाचता येत नाही, असं मी घरात सांगून ठेवलं होतं. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, तुझं अक्षर काय मला लागणार नाही? सगळी वाचली. पोरगी झाली, नाव सौंदर्या ठेवलं ते, शिवशरणाला तिकडं आसामात चहाच्या मळ्यात मशिनवर काम लागलं ते, पोरीचा दमा, सगळं. उत्तर दिलं नाही. हे अमरसिंहाच्या माथी मारू नकोस. त्यानं काही मला धरून ठेवलं नव्हतं.

आता सामानाचं सांगते. पंचेचाळीस किलो म्हणजे मी. मागं मी बसणार आहे. त्यासाठी सलवार शिवून घेतली, एकाहत्तराव्या वर्षी. ती घालून मी अंगणात आले, त्या दिवसापासून अमरसिंह बोलत नाही. शेजारची अंबूबाई हसली. तिला म्हटलं, तुलाबी शिवून देऊ काय? आत पळाली. रेल्वेनं ये म्हणू नकोस. तू ज्या तऱ्हेनं गेलीस त्याच तऱ्हेनं मी येणार.

तू शिवशरणाबरोबर पळून गेलीस तेव्हा त्याच्या गाडीची मागची सीट फाटलेली होती. कोपऱ्यावर तू वळून बघितलंस. मी दारात होते. तू बघतेस हे मला दिसलं, आणि मग मी कडी घातली. एवढी वर्षं मी म्हणत आले, पोरीनं एकदा वळूनसुद्धा बघितलं नाही.

शोरूममध्ये नव्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून मी वळून बघितलं. मान दुखते. मुद्दाम वळल्याशिवाय मागचं काही दिसत नाही.

माफी मागायला येत नाही. बावीस वर्षांची माफी त्या गाडीवर बसायची नाही, वजन आधीच पुरेसं आहे. जावयांना नमस्कार सांग. जावई हा शब्द त्यांच्यासाठी पहिल्यांदाच लिहिते आहे.

नोव्हेंबरच्या दहा तारखेच्या आसपास पोहोचू. ये म्हण, नको म्हण, गाडी तुझ्या दारात उभी राहणार. दार उघडायचं का माझ्यासारखी कडी घालायची, ते तुझं तू बघ.

एवढंच की, गाडीवर मला चढता येतं. उतरताना कुणाचा तरी हात लागतो. आणि स्वप्नालीचे दोन्ही हात गाडी धरण्यात असतील.

तुझी आई
बाळाबाई
(अक्षर माझंच आहे)