बांगड्या वाजल्या की

नवेगाव बांध
१२ जून २००९

प्रिय अश्विन,
सप्रेम जय भीम. इकडे सगळे ठीक. बाबांचा गुडघा जरा कुरकुरतो, काजळी म्हैस गाभण आहे, आणि माझ्या अंगणवाडीला यंदा एकोणतीस पोरं आली. तू वेळेवर जेवत असशील असं समजते. तसं नसलं तरी तू हो म्हणणारच.

तुझी जाहिरात पाहिली. पाहिली म्हणजे काय, चाळीसेक वेळा तरी पाहिली असेल. मुंबईत तू माइक धरण्याची नोकरी करतोस एवढंच मी लोकांना सांगत होते. असं काही होत असेल हे मला माहीत नव्हतं.

उंच इमारतीचा वॉचमन डबा उघडतो. लिफ्टवाला स्टुलावर पेंगतो. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात एक बाई पोळ्या लाटते. कुणीच बोलत नाही. मग कुठून तरी ती हाक येते आणि तिघंही एकदम मान वळवतात. वॉचमन खिशातून फोन काढतो, शेवटी कंपनीचं नाव येतं, संपलं. एवढ्याशा वेळात माझ्या अंगावर काटा आला, आणि हाक कुणाची हे कळायच्या आधीच आला. बाकी जाहिरातींत नुसता ढोलताशा, यात एक वाद्य नाही. तुझ्या साहेबांनी पेटी-बासरी सगळं काढून टाकलं, फक्त हाक आणि पाण्याचा आवाज ठेवला, असं तू फोनवर म्हणाला होतास. त्यांना माझा नमस्कार सांग. नीट कान देऊन ऐकलं की मागे आपल्या वॉर्डातला हापसा करकरतो. अरे, सगळ्या देशाने आपला हापसा ऐकला.

दोन वर्षांपूर्वी तू तो केसाळ माइक घेऊन तळ्याच्या पाळीवर आला होतास, आठवतं? आई म्हणाली होती, "हे कायले मुंगूस धरून आनलास?" आणि मग तुझ्याकडे पाठ करून तिने रोजच्यासारखी तळ्यातल्या म्हशींना हाक मारली. तीन सूर, तिसरा वर जाऊन फुटतो. म्हशी पाण्यातून उठल्या तेव्हा तू रडत होतास आणि डोळ्यांत चिलट गेलं म्हणालास. मी तेव्हा हसले होते. इतकी वर्षं ती हाक मी ऐकली ती भांडी घासता घासता. त्यात असं काही आहे हे मला टीव्हीने सांगितलं.

आता तुझ्या प्रश्नाचं. मागच्या फोनवर तू विचारलंस, "ताई, न विचारता तिचा आवाज जाहिरातीला दिला म्हणून आई बोलत नाही ना माझ्याशी?" मी म्हटलं, ती शेतावर गेली आहे. त्याआधी म्हटलं झोपली आहे, त्याआधी पाण्याला गेली आहे. सहा महिन्यांत मी तिला इतक्या ठिकाणी पाठवलं की मलाच हिशोब राहिला नाही. आज अंगणवाडीत बसून लिहिते आहे. फोनवर सांगायला लागले तर माझा धीर सुटेल, आणि आई समोर असते.

जाहिरात पहिल्यांदा लागली ते आधी सांगते. संध्याकाळची वेळ, शेजारी शामकलाबाईकडे मॅच लावलेली, आवाज फुल. मी अंगणात तांदूळ निवडत होते, आई काजळीला कुटार टाकत होती. आणि आईची हाक आली. काजळीने दावं ताणलं आणि हंबरली. बाबा आतून धावत आले, पायात एकच चप्पल. शामकलाबाई कुंपणाशी येऊन म्हणाली, "रुख्माबाई, तुहा गळा आला का वो? मी आताच आयकली." मागून आणखी दोघीतिघी आल्या, सगळ्यांचे चेहरे उजळलेले.

आणि आईने, अश्विन, हातातलं कुटार टाकलं आणि स्वतःच्या गळ्याला हात लावून पाहिला.

डिसेंबरात आम्ही मावशीकडे लग्नाला नागपूरला गेलो असं तुला सांगितलं होतं. लग्न नव्हतं. आईच्या गळ्यात गाठ निघाली होती, वाईट गाठ. डॉक्टरांनी आवाजाची पेटी पूर्ण काढली. आता ती गळ्याला असलेल्या छिद्रातून श्वास घेते, त्यावर पातळ कापड बांधते. दुखणं गेलं, जेवते, काम करते. तपासण्या चांगल्या आल्या आहेत, हे खरं सांगते, यात खोटं नाही. पण आवाज गेला. तो परत यायचा नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिने माझा हात धरला. म्हणाली, "अश्विनले सांगू नोको. आताच पक्कं काम लागलं त्याचं, सोडून धावत येईन." तिचं मी ऐकलेलं शेवटचं बोलणं तेच. म्हणून मी पाळलं. आज मोडते आहे. तुला वाटतं आई तुझ्यावर रुसली, आणि ते ओझं घेऊन तू तिथे आवाज जोडत बसतोस, हे मला आता बघवत नाही.

रागाचं म्हणशील तर मी तिला तुझा प्रश्न जसाच्या तसा विचारला. ती हसली. तुझ्या जाहिरातीसाठी ती रोज शामकलाबाईकडे जाऊन बसते. मालिका सुरू झाली की बायकांशी खाणाखुणा करते, जाहिराती लागल्या की सगळ्यांना हाताने गप्प करते. म्हशींना आणायला आता बाबा काठी घेऊन गुडघाभर पाण्यात उतरतात. म्हशी त्यांच्याकडे बघतातही, पण येत नाहीत.

जाहिरात कधीतरी बंद होईल. म्हणून एक मागते. तुझ्याकडे ती पूर्ण टेप असेल. म्हशी उठल्यावर तिने पाळीवरूनच तुला हाक मारली होती, "अश्विन, चाल, जेवाले चाल." ते कापलं असलं तरी फेकलं नसशील. ते घेऊन ये. नोकरी सोडून नको, चार दिवसांची सुटी काढून ये.

आणि तुझ्यावर माझा एक राग आहे, तो लिहिते. होळीला तुझा फोन आला तेव्हा मी आईच्या कानाला लावला होता. तू "आई, आई" करत होतास आणि ती फोनजवळ हातातल्या बांगड्या वाजवत होती, कितीतरी वेळ. तू म्हणालास, "ताई, लाइनमध्ये खरखर आहे," आणि ठेवून दिलास. आवाजाचा माणूस ना तू? तिच्या बांगड्या तुला ओळखू आल्या नाहीत.

आता आमचं ठरलं आहे, बांगडी एकदा वाजली तर हो, दोनदा वाजली तर नाही. रागावलीस का, असं मी विचारलं तेव्हा दोनदा वाजली. पत्र मिळालं की फोन कर. मी काही बोलणार नाही, सरळ तिच्याकडे देईन. तुला जे विचारायचं ते विचार, आणि बांगड्या वाजल्या की फोन ठेवू नकोस.

तुझी,
सहा महिने खोटं बोललेली
रीनाताई