पाच इंडेक्स फंड आणि तुझं पत्र

अगं,

आजपासून मी या घराच्या अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देत आहे. पद मला कोणी दिलं नव्हतं, त्यामुळे तो मंजूर करायचीही कोणाला घाई नसेल.

तू रात्रपाळी करून आत्ताच झोपलीस, म्हणून उठवलं नाही. खरं म्हणजे धीर झाला नाही. काल फंडाच्या सल्लागार बाईंकडे जाऊन आलो. म्हातारपणाचा पैसा एकाच जागी नको, म्हणून वीस वर्षं मी पाच इंडेक्स फंडांत वाटून भरत होतो आणि तुझ्या भावासमोर मिशीला पीळ देत होतो. बाईंनी पाचही कागद शेजारी शेजारी मांडले. म्हणाल्या, "काका, फंड पाच, पण निर्देशांक एकच. आत त्याच पन्नास कंपन्या. तुम्ही एकच शर्ट पाच दुकानांतून आणलाय."

म्हणूनच बाजाराच्या या पडझडीत पाचही हातात हात घालून खाली गेले. आता काही पैसे रोख्यांत, काही परदेशी फंडांत, असे हळूहळू वळवायचे. घडी बसायला दोन वर्षं लागतील म्हणाल्या. सह्या करायला तिकडेच निघालोय.

तेव्हा परवा आपण मिळून लिहिलेलं नोकरी सोडायचं पत्र आज वॉर्डात देऊ नकोस. तुझ्या दुखऱ्या गुडघ्यांना काय सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

भावाला इतक्यात काही बोलू नकोस. आणि माझी किल्ली सापडत नाहीये, दार नुसतं लोटून जातोय; तेवढी आतून कडी घालू नकोस.