कार्डाची मागची बाजू

एन्सिनाल, कॅलिफोर्निया
रविवार, २४ मे २००९

प्रिय ओतिलिया,

तू बरी असशील, गुडघा फार कुरकुरत नसेल आणि याकिमाची थंडी एकदाची सरली असेल अशी आशा करते. मी ठीक आहे. इथे ऊन आत्ताच तापायला लागलंय. द्राक्षांच्या वेलींना मोहरीएवढे घड धरलेत. परसातल्या अंजिराने यंदा फार पसारा केलाय. माझा एव्हारिस्तो असता तर फेब्रुवारीतच छाटून मोकळा झाला असता. मला शिडी चढवत नाही, आणि दुसऱ्या कुणी त्या झाडाला हात लावावा असं वाटत नाही.

निएवेसला तिच्या धर्ममातेचे आशीर्वाद सांग. बाप्तिस्म्याच्या दिवशी मी तिला हातावर घेतलं होतं, तेव्हापासून तू मला नावाने हाक मारली नाहीस, कोमाद्रेच म्हणत आलीस. बहिणीपेक्षा जवळचं नातं, असं आपल्यात म्हणतात. पस्तीस वर्षं झाली.

बातमी एकच आहे आणि ती तुला कळली आहेच. आपलं चॅनेल एकोणसत्तर बारा जूनला बंद होतंय. त्या दिवशी देशभर जुन्या लहरी बंद होणार. नवी यंत्रं घेण्याऐवजी मालकाच्या नातवाने चॅनेल विकून टाकलं. पुढे सगळं लॉस एंजेलिसहून येईल. बायका सुंदर असतील, भाषा आपलीच, स्पॅनिश असेल, पण त्यात एन्सिनालचं कुणी नसेल. कुणाची गाय हरवली, कुठल्या चर्चमध्ये कुणासाठी प्रार्थना आहे, हे कोण सांगणार?

शेवटच्या दिवशी दुपारी बाराला तासभर चॅनेलचा इतिहास दाखवणार आहेत. बातम्या वाचते ना, ती यादिरा त्यासाठी माझ्याकडे येऊन बसते. एव्हारिस्तोच्या टेपांचे अकरा खोके गॅरेजमध्ये आहेत, ते तिला हवेत. मी तिला पहिल्या दिवसाची गोष्ट सांगितली. बहात्तर साल. एव्हारिस्तो चॅनेलच्या मनोऱ्यावर, खाली निवेदक वेन्सेस्लाओ, रस्त्याच्या कडेला दुकानदार, आणि मी घरात टीव्हीसमोर. मी खिडकीतून ओरडायचे, "डावीकडे!" दुकानदार ओरडायचा, वेन्सेस्लाओ ओरडायचा, आणि वरून एव्हारिस्तो, "कुणाचं डावीकडे, बाई? माझं की तुझं?"

मग स्टुडिओतल्या दिव्यांची तार जळली आणि चित्र काही निघेना. तासभर पडद्यावर नुसता ६९ हा आकडा, आणि मागून वेन्सेस्लाओचा आवाज. लोक तासभर त्या आकड्याकडे बघत बसले. आवाज आपल्या भाषेत बोलत होता एवढ्यानेच शेजारच्या म्हातारीला रडू आलं. वेन्सेस्लाओ दुसऱ्या दिवशी म्हणाला, "माझं तोंड दिसलं नाही म्हणून तर चॅनेल चाललं."

एव्हारिस्तो त्यानंतर वर्षभर घरोघरी जाऊन कपडे टांगायच्या तारेचे गोल वाकवून टीव्हीला लावून देत होता, कारण जुन्या टीव्हीवर एकोणसत्तर लागायचंच नाही. तुझ्याही घरी त्यानेच लावला होता. तुला आठवत असेल.

यादिराने तुला फोन केला होता. तू काय बोललीस ते तिने मला सांगितलं. त्याबद्दल आज लिहीत नाही.

तुझी कोमाद्रे,
देल्फिना


मंगळवार, २ जून

प्रिय ओतिलिया,

तुझं पत्र काल मिळालं. चारच ओळी, पण अक्षर अजून सुबक आहे. गुडघ्याचं काही लिहिलं नाहीस, म्हणजे दुखतोय.

तू लिहितेस, "तुझ्यावर माझा राग कधीच नव्हता, कोमाद्रे. पण त्या माणसाचा फोटो लावला तर मी सगळ्यांसमोर उभी राहीन आणि सांगेन, की यानेच कॅमेऱ्याची गाडी नेऊन माझा नवरा दाखवून दिला. गुरुवारी सकाळच्या बसचं तिकीट काढलंय."

मी ते तीनदा वाचलं. एव्हारिस्तोच्या अंत्यविधीला तू पाठवलेल्या फुलांच्या चक्रावरही फक्त माझं नाव होतं. "देल्फिनाच्या दुःखात." कुणासाठीचं दुःख ते लिहिलं नव्हतंस. मी ती पट्टी जपून ठेवली आहे.

काल यादिरा आली. कॉफी घेईना. म्हणाली, "देल्फिनाबाई, मालक म्हणतात एव्हारिस्तोंचा फोटो नको. शेवटच्या दिवशी तमाशा नको."

"मग मनोरा कुणी उभारला म्हणून सांगणार?"

"आम्ही उभारला, असं म्हणू."

"तू तेव्हा जन्मली होतीस का गं?"

वाईट मुलगी नाही ती. मग म्हणाली, "बाई, एकदा खरं काय ते सांगा. त्यांनी काही केलं होतं का?"

मी म्हटलं, कॉफी थंड होतेय.

ओतिलिया, एकोणऐंशीच्या ऑगस्टमधल्या त्या धाडीनंतर तू आमच्या घरी आठ महिने होतीस. पोट सातव्या महिन्याचं, निएवेस पाच वर्षांची. आधी तुझ्या नवऱ्याला, बार्तोलोला, सीमेपार नेऊन सोडलं. ऑक्टोबरात तो परत यायला निघाला आणि सीमेवरच्या कालव्यात बुडाला. त्या आठ महिन्यांत तू एव्हारिस्तोबरोबर एका टेबलावर बसली नाहीस. तो आला की ताट घेऊन आत जायचीस. दुसऱ्या दिवसापासून तोच परसात अंजिराखाली उभ्याने जेवायला लागला. जानेवारीच्या धुक्यातसुद्धा, टोपी घालून. स्वतःच्या घरात. शेजारी हसायचे, "काय रे, बायकोने हाकललं?" तो म्हणायचा, "झाडाला सोबत लागते."

तो तुला एकदाही उलटून बोलला नाही. तू त्याच्या पायापाशी थुंकलीस तेव्हाही. तुला कधी वाटलं नाही का, की ज्याने काही केलंय तो काहीतरी सबब सांगतो, आणि ज्याने काहीच केलं नाही तो भांडतो? त्याने दोन्ही केलं नाही. का?

मी गोल गोल फिरतेय. तुला माझी पत्रं माहीत आहेत, मी नको तिथे अंजिराबद्दल लिहिते.

यादिराला हवी असलेली टेप सापडली. खोक्यावर त्याच्या अक्षरात लिहिलंय, २४ ऑगस्ट १९७९. डबी अजून उघडली नाही.

तिकीट परत करू नकोस. पण निघण्याआधी माझं पुढचं पत्र वाच, एवढं माझ्यासाठी कर.

देल्फिना


रविवार, ७ जून

ओतिलिया,

हे पत्र उद्या सकाळी जलद टपालाने टाकते आहे. खिडकीवरची बाई म्हणते बुधवारी पोचेल. तुझी बस गुरुवारची. बसून वाच. निएवेस जवळ असेल तर तिलाही वाचून दाखव. ती तेव्हा पाच वर्षांची होती, तिचाही हिशेब आहे यात.

मागच्या पत्रात डबी उघडली नाही असं लिहिलं. खोटं होतं ते. मी ती त्याच दिवशी उघडली. तो गेल्यावर सोळा महिने मी त्या खोक्यांना हात लावला नव्हता, कारण आत काय असेल त्याची मला भीती होती. तेच निघालं. टेपेच्या खाली एक कार्ड.

तुला आठवत असेल, 'दुपारच्या शुभेच्छा'ला मी फोनवर बसायचे. ज्याच्या नावाच्या संताचा दिवस असेल त्याच्या घरचे फोन करायचे, मी कार्डावर लिहून घ्यायचे आणि वेन्सेस्लाओ वाचायचा. मी दोनच इयत्ता शिकलेली. नीट वाचायला मी त्या कार्डांवरच शिकले, मग लायब्ररीने टाकून दिलेल्या पुस्तकांवर. आपली पद्धत अशी होती, की शुभेच्छा वाचून झाल्यावर त्या माणसासाठी कुणाचा फोन आला तर तो कार्डाच्या मागे लिहायचा, म्हणजे सोमवारी आभार वाचता येत. फोनच्या वर एव्हारिस्तोने लाल शाईत लिहून चिकटवलं होतं, "गाव सांगा, संत सांगा, शेत सांगू नका." कारण ऐकणारे सगळे आपले नसतात, असं तो म्हणायचा. मी रोज ते वाचायचे. मला ते पाठ होतं.

चोवीस ऑगस्ट, संत बार्तोलोमेचा दिवस. सकाळी तुझाच फोन आला. "कोमाद्रे, जरा छान लिही गं, माझा नवरोबा दुपारी शेडमधल्या टीव्हीवर बघणार आहे." आणि मी छान लिहिलं. बार्तोलो सुन्यिगा, गाव ला नोरिया, मिचोआकान, एन्कार्नासिओनचा थोरला मुलगा, पत्नी ओतिलिया, मुलगी निएवेस आणि येऊ घातलेलं बाळ यांच्याकडून. वेन्सेस्लाओने ते मोठ्या थाटात वाचलं. पुढे तो म्हणाला, "बाळाने फोन केला होता का?" शेडमध्ये सगळे हसले असतील. शेताचं नाव मी लिहिलं नव्हतं.

पावणेदोनला फोन वाजला. पुरुषाचा आवाज, आपल्याच बोलीतला. म्हणाला, "मी ला नोरियाचा. एन्कार्नासिओनमामाच्या बहिणीचा मुलगा. आत्ताच टीव्हीवर ऐकलं आणि ऊर भरून आला हो. बार्तोलोला बारा वर्षांत पाहिलं नाही. कुठे काम करतो तो? उद्या सकाळी जाऊन मिठी मारतो. त्याला सांगू नका, गंमत जाईल."

गाव बरोबर, बापाचं नाव बरोबर, बोली बरोबर. हे सगळं तासाभरापूर्वी आपणच वाचून दाखवलं होतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आपल्यात गाव आणि बापाचं नाव सांगितलं की माणूस घरचा होतो. कुणी कागद मागत नाही. कागद तर सरकारी लोक मागतात. ती लाल शाई माझ्या डोळ्यांसमोर होती. मी तिच्याकडे बघत बघत त्याला सांगितलं. कालव्यापलीकडचं शेत, तिसरी शेड, निळा दरवाजा, सहाला हजेरी होते. "लवकर जा," असंही म्हटलं, "नंतर ते रांगांमध्ये पांगतात." तो म्हणाला, "देव तुमचं भलं करो, बाई." आणि मी सगळं कार्डाच्या मागे सुबक अक्षरात लिहून ठेवलं, सोमवारी वाचायला. आतेभावाचा फोन, पावणेदोन, शेताचा पत्ता दिला.

एव्हारिस्तो त्या दुपारी कॅमेरा घेऊन तिकडे गेला होता. दर शुक्रवारी जायचा तसाच, गिटारवाल्याला घेऊन. एकोणसत्तर रंगवलेली गाडी सगळ्यांनी बांधावर पाहिली. शनिवारी सकाळी सहाला इमिग्रेशनच्या हिरव्या गाड्या आल्या आणि बावीस माणसं नेली. लोकांनी गाडी पाहिली होती. फोन कुणी पाहिला नव्हता. तो माणूस कोण होता, मला आजही ठाऊक नाही. ला नोरियाचा कुणी आतेभाऊ नव्हता, एवढं तुझ्याकडूनच कळलं.

शनिवारी तू आमच्या आतल्या खोलीत रडत होतीस. मी परसात जाऊन एव्हारिस्तोला सांगितलं. तो केबल गुंडाळत होता, तो गुंडाळतच राहिला.

"कार्ड कुठे आहे?"

"डब्यात, चॅनेलवर."

"मी घेतो ते."

"जाऊन तिला सांगते."

"थांब. तिचा सातवा महिना आहे. तिला आता दोन गोष्टी लागणार, रागवायला एक माणूस आणि जेवायला एक घर. रागवायला मी आहे. घर तू हो."

"आणि नंतर?"

"नंतर सांगू."

त्याने ते कार्ड जाळलं असेल, अशी मी मनाची समजूत घातली होती. नंतर कधी आलंच नाही. बाळ झालं, मग तू याकिमाला गेलीस, मग नाताळची पत्रं सुरू झाली. मी त्याला विचारायचे, "सांगू का?" तो म्हणायचा, "तुझं तू ठरव." त्याने कधी अडवलं नाही मला. मी मनाशी म्हणायचे, ओतिलियासाठी गप्प आहे. ते खरं नव्हतं. तू माझ्या खांद्यावर रडायचीस आणि तुझ्यासाठी मी चांगली असायचे. मला ते हवं होतं. तो बाहेर धुक्यात उभा राहून जेवत होता आणि आत टेबलावर मी तुला राजमा वाढत होते.

आता तो नाही, आणि त्याचं नावही पुसायला निघालेत. माझ्याकडे त्याच्यासाठी करण्यासारखं एवढंच उरलंय.

मी यादिराला सगळं सांगितलं आहे. ती म्हणाली, "मालकांना मी बघते." शुक्रवारी दुपारी बाराला एव्हारिस्तोचा फोटो लागेल, मनोऱ्यावरचा, आणि मी त्याच्या शेजारी बसून कार्ड वाचेन. आधी पुढची बाजू, मग मागची. तुला न कळवता मी हे वाचलं असतं तर ती पुन्हा चोरीच झाली असती, म्हणून आधी तुला लिहिलं. मूळ कार्ड या पत्रासोबत आहे. त्याचं काय करायचं ते तू ठरव. मला ते दोन्ही बाजूंनी पाठ आहे.

ते संपून चॅनेल बंद झालं की स्वयंपाकघरातल्या जुन्या टीव्हीवर मुंग्या येतील. तारेचा गोल मी काढणार नाही.

येऊ नकोस असं वाटलं तर येऊ नकोस. आलीस तर दार उघडं असेल आणि टेबलावर तुझं ताट मांडलेलं असेल. मी अंजिराखाली जेवेन. तू आत बोलावशील तेव्हाच येईन, आठ महिने लागले तरी. कोमाद्रे म्हणून सही करायचा हक्क मला द्यायचा की नाही हे आता तुझ्याकडे आहे, म्हणून तो शब्द इथे लिहीत नाही.

तो फोन जिने उचलला ती,
देल्फिना