जीप समिधाला, सायलेन्सर जयकुमारभाईंना

मी, आत्माराम महिपत वैती, वय एकाहत्तर, राहणार नवघर, भाईंदर पूर्व, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय आणि डोकं ठिकाणावर असताना लिहीत आहे. डोक्याबद्दल घरात दोन मतं आहेत, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहतं घर माझ्या पश्चात पत्नी अनसूया हिचं. तसंही ते तिचंच आहे, मी फक्त घरपट्टी भरतो.

२. गॅरेजचा गाळा मुलगा जितेंद्र याला. तिथे मी जन्मभर गाड्यांच्या कमानी बसवल्या. त्याने वाटल्यास केक विकावेत. तो शांती नगरला राहतो आणि बॅटरीवर चालणारी उंच, चकचकीत गाडी बाळगतो. खांदेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा झाली की गाड्यांची परीक्षा असते. पुढचं एक चाक आणि त्याच्या तिरप्या बाजूचं मागचं चाक दगडांवर चढवायचं, उरलेल्या दोन चाकांखाली कागद ठेवायचा. कागद अलगद निघाला तर चाक अधांतरी, म्हणजे सस्पेन्शन लवत नाही, गाडी नापास. यंदा जितेंद्रच्या गाडीखालून कागद निघाला आणि त्यामागून मांजरही निघालं. तो व्हिडिओ मी घरच्या ग्रुपवर टाकला. जितेंद्र म्हणाला, "बाबा, मला शांती नगरला कुठे दगड चढायचेत?" मुद्दा बरोबर होता, म्हणूनच मला राग आला.

३. आता माझी जीप. चेणे गावाजवळच्या नाल्यात तिचं एक चाक खड्ड्यात आणि दुसरं धोंड्यावर असलं, तरी चारही चाकं जमीन सोडत नाहीत. तिच्या कमानींचे पाटे मी एकेक निवडून, घासून बसवले आहेत. पण डिझेल इंजिन थकलं आहे. पुढच्या पासिंगला ती धुरात नापास होणार आणि मग थेट भंगारात जाणार.

माझी मुलगी समिधा बॅटरीच्या रिक्षा दुरुस्त करते. त्याच खांदेनवमीला ती म्हणाली, "बाबा, इंजिन काढून मोटर टाकूया ना. पाट्यांना हात नाही लावत मी." मी म्हणालो, "त्यापेक्षा मला जाळ." तेव्हापासून ती घरी आलेली नाही.

दगड चढताना गाडी रांगली पाहिजे. डिझेलला त्यासाठी क्लच जाळावा लागतो. मोटर पाय ठेवल्याबरोबर रांगते, हूं की चूं नाही. जितेंद्रची गाडी दगडावर चढताना हे सगळ्यांना दिसलं होतं. व्हिडिओतून नेमका तेवढाच भाग कसा कापला गेला, याची चौकशी करू नये.

सबब जीप आणि सगळे पाने समिधाला. मोटर बसवण्यास माझी हरकत नाही. पाटे आहेत तेच राहतील, आणि बॅटरी मधोमध, चॅसिसला धरून बसेल. पाटा लवताना तिला लागला तर मी जिथे असेन तिथून ओरडेन.

४. मोटर बसल्यावर सायलेन्सर रिकामा होईल. तो शेजारी जयकुमारभाई शाह यांना. रोज सकाळी गॅलरीतून ते विचारत आले, "आत्मारामभाई, ये जीप है या चक्की?" त्यांनी तो दिवाणखान्यात टांगावा. ते साक्षीदार व्हायला तयार होते. परंतु ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलबाई म्हणाल्या. त्यावर जयकुमारभाईंनी सायलेन्सर सोडायची तयारी दाखवली. मी ती मान्य केली नाही.

५. इथवर लिहून अनसूयेला वाचून दाखवलं. ती सुकट निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सगला मेल्यावर देनार. मंग तुमी त्या जीपमदी बसनार कवा?"



म्हणून कलम ३ माझ्या मृत्यूची वाट न पाहता येत्या रविवारपासून लागू होईल. वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्रात असं लिहिता येत नाही. मी लिहिलं आहे.

समिधा, तुझ्याशिवाय करमत नाही. रविवारी ये. इंजिन दोघं मिळून उतरवू. नाल्यात तू चालव, मी शेजारी बसेन आणि काहीही बोलणार नाही. निदान प्रयत्न करीन.

(सही) आत्माराम महिपत वैती

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी हे वाचलं, शेवटी चष्मा पुसला आणि सही केली.

साक्षीदार: काशीनाथ भोईर, नीलम म्हात्रे
ठिकाण: नवघर, भाईंदर पूर्व
दिनांक: ८ नोव्हेंबर २०२५